वाफेनं अडवलेलं विमान : सुपरमरीन टाइप २२४चं प्रकरण

विमान चढायला लागलं की कॉकपिटमधले लाल दिवे पेटायचे. मग वैमानिकानं काय करायचं, तर चढणं सोडून विमान आडवं धरायचं, इंजिन निवायची वाट बघायची आणि दिवे विझले की पुन्हा वर निघायचं. आता लढाऊ विमानाचं पहिलं कामच मुळी झपाट्यानं वर जाणं. डोक्यावरून शत्रूचं बॉम्बर चाललेलं असताना "जरा थांबा, इंजिन निवू द्या" म्हणायची सोय नसते.

हे विमान म्हणजे ब्रिटनच्या सुपरमरीन कंपनीचं टाइप २२४. नग एकच बनला, क्रमांक के २८९०. उत्पादनात ते कधी गेलंच नाही. आराखडा रेजिनाल्ड मिचेलचा, म्हणजे पुढं ज्याच्या नावावर दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं स्पिटफायर हे लढाऊ विमान लागलं त्याच माणसाचा. गंमत म्हणजे 'स्पिटफायर' हे नाव आधी या फसलेल्या विमानासाठीच घेतलं जात होतं.

'अपयशातून यश' या मथळ्याखाली ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. मला तो मथळा फारसा पटत नाही. अपयश आलं की यश आपसूक मागून येत नाही. मधे कुणीतरी काहीतरी ठरवावं लागतं, आणि काय ठरवलं, कधी ठरवलं, तेच इथं बघायचं आहे.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९३१ मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयानं नव्या लढाऊ विमानासाठी मागणीपत्र काढलं, एफ ७/३०. तेव्हाचं ब्रिटिश लढाऊ विमान म्हणजे दोन मशीनगनचं द्विपंखी, म्हणजे पंखांच्या एकावर एक दोन जोड्या असलेलं. नव्या विमानात चार मशीनगन हव्या होत्या. १५,००० फुटांवर किमान ताशी १९५ मैल, म्हणजे साधारण ३१४ किमी वेग हवा होता. चढाई जलद हवी होती. आणि तेच विमान दिवसा नि रात्री दोन्ही वेळा चालायला हवं होतं.

हे 'रात्री' प्रकरण नीट लक्षात घ्या. त्या काळी रात्रीचं उतरणं म्हणजे गवताच्या मैदानावर मिणमिणत्या दिव्यांच्या आधारानं उतरणं. त्यामुळे उतरतानाचा वेग ताशी ५० मैलांच्या, म्हणजे ८० किमीच्या आसपास असावा अशी अपेक्षा होती. इतक्या हळू उतरायचं तर पंखाला भरपूर क्षेत्रफळ पाहिजे. आणि मोठा पंख वरच्या वेगाला मारक. एकाच कागदावर दोन टोकांच्या मागण्या होत्या, आणि कुठली मोठी, कुठली धाकटी हे कागदानं सांगितलेलं नव्हतं.

त्यात इंजिनाची भर. मंत्रालयाचा कल रोल्स-रॉइसच्या गॉसहॉक इंजिनाकडे होता. सक्ती नव्हती, पण साहेबांचा कल कुठं आहे हे कळल्यावर सक्तीची गरज कुठं उरते? टेंडर भरणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

साउथॅम्प्टनच्या वूल्स्टनमधली सुपरमरीन कंपनी १९२८ पासून विकर्स या बड्या शस्त्रास्त्र कंपनीच्या मालकीची होती. तिचं नाव होतं ते पाण्यावरून उडणाऱ्या विमानांसाठी. श्नायडर ट्रॉफीच्या शर्यती मिचेलच्या विमानांनी १९२७, १९२९ आणि १९३१ अशा लागोपाठ तीनदा जिंकून ट्रॉफी ब्रिटनमध्ये कायमची ठेवली होती. २९ सप्टेंबर १९३१ रोजी त्याच्या एस ६बी विमानानं ताशी ४०७.५ मैलांचा, म्हणजे जवळपास ६५६ किमीचा विक्रम केला. जगातलं सर्वांत वेगवान विमान बनवणारा माणूस आता लढाऊ विमान बनवणार, म्हणून अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या.

वाफेचं शीतन म्हणजे काय

अडचण कळायची तर आधी गॉसहॉकची तऱ्हा कळली पाहिजे. पाण्यावर निवणाऱ्या साध्या इंजिनात गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्यानं निवतं आणि परत येतं. रेडिएटर हवेत उघडा लटकलेला, म्हणजे वेगाला ब्रेक लावल्यासारखाच.

गॉसहॉकमध्ये पाणी इंजिनाभोवती दाबाखाली ठेवलेलं असे, आपल्या प्रेशर कुकरसारखं. दाबामुळे ते १०० अंशांच्या पुढं तापलं तरी उकळत नाही. बाहेर पडून दाब सुटला की त्यातल्या काही भागाची एकदम वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५४० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे थोडं पाणी खूप उष्णता उचलून नेतं. ही वाफ कंडेन्सरमध्ये न्यायची, तिचं पुन्हा पाणी करायचं आणि ते इंजिनाला परत द्यायचं. पाणी कमी, वजन कमी, वर कंडेन्सर पंखाच्या कातडीतच बसवला तर रेडिएटरचा अडथळाच संपला. कागदावर नाव ठेवायला जागा नाही.

टाइप २२४मध्ये पंखाची पुढची कड हाच कंडेन्सर होता. तिथं वाफेचं पाणी व्हायचं. पंख उलट्या सीगलसारखा, म्हणजे बुंध्यापासून खाली जाऊन पुढं वर वळलेला. जिथं वळण, तिथं पंख सर्वांत खाली, आणि तिथंच चाकं. चाकं आत ओढली जात नव्हती, ती विजारीसारख्या आवरणात झाकलेली होती. पंखातलं पाणी उताराला लागून या विजारींमधल्या टाक्यांत जमायचं, आणि तिथून पंपानं वर इंजिनाकडे चढवायचं.

घोडं इथंच पेंड खायचं.

विहिरीवरची मोटार ज्यानं सांभाळली आहे त्याला 'पंपानं एअर घेतली' म्हणजे काय ते माहीत असतं. पंप फिरतो, आवाज बदलतो, पाणी मात्र येत नाही. टाइप २२४च्या पंपांची गत तीच होती, फक्त हवेच्या जागी वाफ. टाकीतलं पाणी उकळीच्या काठावरचं. पंपानं ते ओढलं की ओढीमुळे दाब उतरतो, आणि उकळीच्या काठावरच्या पाण्याला वाफ व्हायला तेवढं निमित्त पुरतं. त्यात विमान चढतंय, म्हणजे बाहेरचा दाबही उतरतोय. डोंगरावर डाळ शिजत नाही त्याचं कारण हेच, वर पाणी लवकर उकळतं. १५,००० फुटांवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे इंजिनावर सर्वांत जास्त ताण नेमका चढताना, आणि पंप दगा देणार तोही चढतानाच.

पहिलं वळण : इंजिनाची निवड

मिचेलच्या चमूनं गॉसहॉक घेतलं. माझ्या मते ती घोडचूक नव्हती. एस ६ मालिकेत त्यांनी पंखांची आणि पाण्यावर तरंगायला लावलेल्या तरंड्यांची कातडीच रेडिएटर म्हणून वापरली होती आणि त्यावर जग जिंकलं होतं. इंजिन देणारी कंपनीही तीच. मग पंखात वाफ निववणं त्यांना पुढची पायरी वाटली तर नवल काय.

फरक होता तो परिस्थितीत. शर्यतीचं विमान समुद्राला लागून थोडाच वेळ उडतं आणि उतरतं. त्याला १५,००० फुटांवर जायचं नसतं. आणि तिथं निवायचं होतं ते पाणी, वाफ नव्हे. जुना अनुभव खरा होता, पण तो या कामाचा नव्हता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वाफेवर निवणारी इंजिनं टाइप २२४च्या आधी द्विपंखी विमानांवर उडवून पाहिली गेली होती. द्विपंखी विमानात कंडेन्सर वरच्या पंखात, इंजिनाच्या वर बसवता येतो. पाणी आपल्या वजनानंच खाली येतं. टाइप २२४चा पंख एकच आणि तोही खाली. कंडेन्सर इंजिनाच्या खाली गेला, आणि जे काम गुरुत्वाकर्षण फुकट करत होतं ते पंपाच्या गळ्यात पडलं. विमानाची रचना आणि शीतनाची रचना, दोन्ही आपापल्या जागी ठीक होत्या, त्यांची सोयरीक जमली नाही.

दुसरं वळण : पंख

पंख मोठा आणि जाड झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४५ फूट १० इंच, म्हणजे जवळपास १४ मीटर. एकआसनी लढाऊ विमानाला हा पंख मोठाच. त्यात उघडं कॉकपिट आणि विजार घातलेली चाकं.

असं का झालं असावं? उतरण्याच्या वेगाची अट चमूनं तंतोतंत पाळायला घेतली आणि पंखाचा आकार तिच्या हाती गेला. बाहेरून धाडसी दिसणारं हे विमान आतून भिडस्त होतं असं मला वाटतं. एकपंखी रचना धाडसाची, पण तिच्यावरचा पंख सावध माणसाचा. मिचेलच्याच १९२५ सालच्या एस ४ या देखण्या एकपंखी विमानाला बाल्टिमोरला अपघात झाला होता, आणि पंखाची थरथर हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं गेलं. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस जाडजूड पंखाकडे वळला असेल, तर त्याला नावं ठेवायचं मला धाडस होत नाही.

शिवाय याच काळात, ऑगस्ट १९३३ मध्ये, मिचेलवर आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली.

उड्डाण आणि निकाल

१९ फेब्रुवारी १९३४ रोजी चाचणी वैमानिक जोसेफ समर्स यांनी विमान पहिल्यांदा उडवलं. कमाल वेग भरला ताशी २२८ मैल, ३६७ किमी. मागणीपत्रातल्या १९५ मैलांपेक्षा तो बराच जास्त, तेव्हा कागदावर विमान पासच झालं म्हणायचं. पण १५,००० फूट चढायला साडेनऊ मिनिटं लागत होती, तीही दिवे पेटले नाहीत तर. कंपनीचा स्वतःचा अंदाज याहून चांगला होता.

स्पर्धेतल्या इतरांचीही अवस्था फार बरी नव्हती. वेस्टलंडनं इंजिन वैमानिकाच्या मागं ठेवलं, ते विमान हळू निघालं. ब्लॅकबर्नचं तर जमिनीवरून उठलंच नाही. ब्रिस्टलचं एकपंखी विमान मार्च १९३५ मध्ये चाचणीत कोसळलं. ज्यांनी गॉसहॉक घेतलं त्यांची वाट खडतरच ठरली, ती इंजिनं बनली वीसच्या आसपास.

जिंकलं कोण? ग्लॉस्टर. त्यांनी आपल्या गाँटलेट या चालू द्विपंखी विमानालाच पुढं नेलं आणि हवेवर निवणारं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन बसवलं. ना वाफ, ना पंप. तेच ग्लॅडिएटर. जुलै १९३५ मध्ये २३ विमानांची पहिली ऑर्डर मिळाली आणि १९३७च्या सुरुवातीला ते दलात आलं, ताशी २५३ मैलांच्या वेगासह. एकपंखी विमानाचं भविष्य शोधायला निघालेली स्पर्धा जिंकली ती ब्रिटिश वायुदलाच्या शेवटच्या द्विपंखी लढाऊ विमानानं.

पुढं काय करायचं : तीन वाटा

पहिली वाट टाइप २२४ला डागडुजी करायची. पंप बदला, टाक्या हलवा, चाकांची आवरणं नीट करा. नोकरशाहीला हीच वाट सोयीची, कारण करार तयार, विमान तयार.

दुसरी वाट तेच विमान घासूनपुसून नव्यानं मांडायची. ही त्यांनी चालून पाहिली. पंख सुमारे सहा फुटांनी कमी केला, चाकं आत ओढायची सोय केली आणि टाइप ३०० या नावानं जुलै १९३४ मध्ये आराखडा मंत्रालयाला दिला. मंत्रालयानं तो घेतला नाही. माझ्या वाचनात तरी हा नकार गोष्टीच्या ओघात एका ओळीत उरकला जातो, पण माझ्या मते सगळं प्रकरण या नकाराभोवती फिरतं. कारण हा आराखडा पहिल्यापेक्षा चांगला होता, इतका चांगला की तो मंजूर झाला असता तर कुणाला वाईट वाटलं नसतं. आणि मग १९३५ आणि १९३६ ही दोन वर्षं मिचेलची माणसं बऱ्यापैकी विमानामागं घालवून बसली असती.

तिसरी वाट मागणीपत्र बाजूला ठेवून आपल्याला खरोखर जे बनवावंसं वाटतं ते बनवायची. पंख आणखी लहान, बराच पातळ, बंद कॉकपिट आणि रोल्स-रॉइसचं नवं २७ लिटरचं पीव्ही-१२ इंजिन. हे इंजिन ऑक्टोबर १९३३ मध्ये पहिल्यांदा चाचणीवर धडधडलं होतं. त्याचंच पुढं मर्लिन झालं.

घेतलेला निर्णय

नोव्हेंबर १९३४ मध्ये विकर्सच्या पाठबळावर तपशीलवार काम सुरू झालं. विकर्सच्या विमान विभागाचे प्रमुख सर रॉबर्ट मॅक्लीन यांनी मंत्रालयाच्या होकाराची वाट न बघता चमूला मोकळीक दिली, हे त्यांचं श्रेय. मंत्रालयानंही मग वेळ घालवला नाही. १ डिसेंबर १९३४ रोजी एका नमुन्यासाठी १०,००० पौंडांचा करार झाला आणि नवं मागणीपत्र, एफ ३७/३४, या आराखड्याला बेतून लिहिलं गेलं. आधी विमान मागणीपत्राप्रमाणं, आता मागणीपत्र विमानाप्रमाणं.

पंखाची जबाबदारी कॅनडाहून आलेल्या बेव्हर्ली शेनस्टोनकडे होती. जर्मनीत युंकर्स या विमान कंपनीत काम केलेला माणूस. पंखाच्या बुंध्याची जाडी रुंदीच्या १३ टक्क्यांवर आली आणि त्याला लंबवर्तुळाकार मिळाला. पण वाफ मात्र लगेच सुटली नाही! टाइप ३०० हेच नाव राहिलेल्या या नव्या आराखड्यातही सुरुवातीला वाफेचंच शीतन होतं, पंखाच्या पुढच्या कडेत कंडेन्सरसकट. एवढे दिवे पेटलेले पाहूनही. ते सुटलं ते इथिलिन ग्लायकॉलचा पर्याय हाती आला तेव्हा. ग्लायकॉल साध्या पाण्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला उकळतं, म्हणून रेडिएटर लहान पुरतो. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या फ्रेडरिक मेरेडिथनं तो लहान रेडिएटर अशा नळकांड्यात बसवायची कल्पना दिली की आत शिरलेली हवा तापून मागं जोरात बाहेर पडावी आणि अडथळ्याची बरीचशी भरपाई व्हावी.

५ मार्च १९३६ रोजी के ५०५४ हा नमुना, म्हणजे पहिलं स्पिटफायर, साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टलीहून उडाला, उडवणारे पुन्हा समर्सच. मार्टलशम हीथ या सरकारी चाचणी केंद्रातल्या चाचण्यांत वेग भरला ताशी ३४९ मैल. ३ जून १९३६ रोजी ३१० विमानांची ऑर्डर निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

मागणीपत्र हातात पडल्यावर पहिल्याच आठवड्यात मंत्रालयाला एक प्रश्न विचारायला हवा होता : वेग आणि उतरणं यांत भांडण झालं तर कुणाची बाजू घ्यायची? उत्तर लेखी घ्यायला हवं होतं. कदाचित उत्तर मिळालंच नसतं, पण मग तेही कळलं असतं.

शीतनाची चाचणी वेगळी करता आली असती. विमान उडायची गरज नव्हती. कंडेन्सर खाली, इंजिन वर, मधे पंप आणि पंपाच्या तोंडाशी कमी केलेला दाब, एवढा सांगाडा जमिनीवर उभा केला असता तरी पंपानं काय होतंय ते सांगितलं असतं. अर्थात हे नव्वद वर्षांनी घरात बसून म्हणणं सोपं आहे. तेव्हा सगळ्यांचं लक्ष इंजिनावर होतं, आणि दगा दिला तो पंपानं. कारखान्यात बहुतेक वेळा असंच होतं.

एका बाबतीत मात्र मी त्यांना पूर्ण गुण देईन. विमान उडून पाच महिने होतात न होतात तोच चमूचं मन त्यावरून उठलेलं होतं आणि दुसरा आराखडा टेबलावर होता. स्वतःच्या हातचं, नाव ठेवलेलं, अटीत बसणारं विमान 'हे नाही' म्हणून बाजूला सारायला पाच महिने, हा वेळ थोडा आहे.

पुढं

के २८९० काही काळ फार्नबरोला आणि मार्टलशमला राहिलं आणि १९३७ मध्ये ऑर्फर्डनेसच्या किनाऱ्यावर गोळीबाराच्या सरावासाठी निशाणा म्हणून उभं केलं गेलं. त्याच वर्षी ११ जूनला मिचेल गेला, वय ४२.

वाफेसाठी बेतलेली पंखाची ती पुढची कड मात्र स्पिटफायरमध्ये राहिली. कंडेन्सर गेला, पण जाड पत्र्याची इंग्रजी 'डी'च्या आकाराची ती पोकळ पेटी पंखाला इतकी बळकटी देत होती की ती काढायचं कारणच उरलं नाही. पुढं टेहळणीच्या स्पिटफायरमधून बंदुका काढल्या तेव्हा याच पोकळीत पेट्रोल भरलं, प्रत्येक पंखात सुमारे ६६ गॅलन. १९४३ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमहून ब्रह्मदेशावर फोटो काढायला जाणारी विमानं त्याच पेट्रोलवर जाऊन परत येत.